चार रुपये फोटोचे नव्हेत, मिनिटाचे आहेत

लग्नसराई उतरली की आमच्या अभ्यासिकेत दोन-तीन पोरे हमखास येतात. डोळे सुजलेले, मान आखडलेली, उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. कोणी विचारले तर सांगतात, "एडिटिंगचं काम होतं." पैसे किती मिळाले हे मात्र सांगत नाहीत. यंदा त्यातल्या एकाला आम्ही समोर बसवले, कागद-पेन घेतला आणि त्याच्या एका कामाचा हिशेब मांडला. त्या हिशेबातून हा लेख निघाला आहे.

काम असे होते. जिल्ह्याच्या गावातल्या एका स्टुडिओने लग्नाचे एक हजार फोटो दिले. भाव चार रुपये फोटो. म्हणजे चार हजार रुपये. घरबसल्या, एकरकमी. पोरगा खूश. सहाशे फोटोंचा फक्त रंग-उजेड सारखा करायचा होता आणि कडा छाटायच्या होत्या. उरलेल्या चारशे फोटोंत चेहऱ्यावरचे डाग काढणे, घामाची चकाकी मारणे, मागची वायर-खुर्ची गायब करणे अशी हातची कामे होती. नऊ रात्री तो बसला. फोटो उतरवून घेणे, वेगळे लावणे, परत चढवणे यात सहा तास गेले. रंगाच्या कामाला साधारण सात तास, चेहऱ्यांना तेहतीस. मग स्टुडिओचा निरोप आला, "नवरीकडच्यांना आवडलं नाही, पुन्हा करून दे." त्यात आणखी चौदा. एकूण साठ तास. शेवटी दीडशे फोटो "बरोबर नाहीत" म्हणून सहाशे रुपये कापले गेले आणि दोन महिन्यांनी हातात आले तीन हजार चारशे.

तासाला सत्तावन्न रुपयेसुद्धा पडले नाहीत. त्यातून वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर वजा करायचा आहे. आणि वरकडी म्हणजे, पुढे त्या लग्नाचा अल्बम त्याने एका पाहुण्याच्या मोबाईलवर पाहिला, तेव्हा नापास झालेल्या फोटोंपैकी काही त्यात दिमाखात छापलेले होते. फोटो घेतला, पैसे कापले!

तो स्टुडिओवाला वाईट माणूस आहे, असे आमचे म्हणणे नाही. कदाचित चांगलाही असेल. त्यालाही ग्राहक बुडवतात, त्याचेही कॅमेऱ्याचे हप्ते आहेत. आमचा मुद्दा माणसाचा नाही, भाव ठरवण्याच्या रीतीचा आहे. फोटोवर भाव ठरला की तास दिसेनासे होतात. आणि ज्याचे तास दिसत नाहीत, त्याची लूट कोणालाच दिसत नाही. त्याला स्वतःलाही नाही.

ही रीत आपल्या समाजाला नवी आहे का? आपण सकाळ-संध्याकाळ "जय भीम" म्हणतो. हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे हे कामठीचे. त्यांच्या जयंतीला आपण त्यांचे फोटो लावतो, पण ते कोणाचे पुढारी होते हे पोरांना सांगत नाही. ते बिडी मजुरांचे पुढारी होते. हजार बिड्यांवर मजुरी मिळणाऱ्या, घरी बसून, बायका-पोरांसह तेंदूच्या पानात तंबाखू भरणाऱ्या माणसांचे. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर "वर्क फ्रॉम होम, पर पीस" करणाऱ्यांचे. त्या मजुरांचा एक मोठा शत्रू होता, छाट. ठेकेदार तयार बिड्यांतून हवी तेवढी बिडी "खराब" म्हणून बाजूला काढी. तिचे पैसे मजुराला मिळत नसत, पण बिडी ठेकेदाराकडेच राही आणि विकली जाई. १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, तेव्हा नाकारलेल्या बिड्यांवरून होणाऱ्या वादांची दखल कायद्यालाच घ्यावी लागली, इतका तो जाच जुना आणि सार्वत्रिक होता.

आता आमच्या त्या पोराचे दीडशे फोटो आठवा. छाटच ती! आजा कामठीला, गोंदियाला, सिन्नरला हजारावर बिडी वळत होता. नातू लाइटरूममध्ये हजारावर फोटो वळतो. पान गेले, पिक्सेल आले. घरात बसून, एकेकटे, दुसऱ्याने ठरवलेल्या भावात आणि दुसऱ्याच्या मर्जीने नापास होत काम करणे, हे मात्र तसेच राहिले. फरक एवढाच की आजा स्वतःला मजूर म्हणत होता, म्हणून त्याला बाबू हरदास भेटले. नातू स्वतःला "फ्रीलान्सर" म्हणवतो, म्हणून त्याला कोणीच भेटत नाही.

शब्दाचा मोह आधी सोडला पाहिजे. फ्रीलान्सर म्हणजे स्वतःचा मालक, असे आपल्याला सांगितले जाते. मालक तो, जो भाव ठरवतो. तुमचा भाव दुसरा ठरवत असेल, मुदत दुसरा ठरवत असेल, पास-नापास दुसरा करत असेल, तर तुम्ही मालक नव्हे. तुम्ही विमा नसलेले, रजा नसलेले आणि यंत्र पदरचे आणणारे मजूर आहात. यात लाज काही नाही. मजुराने मजुरी न मोजणे, ही लाजेची गोष्ट आहे.

म्हणून मोजू या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. यातला धडा नीट समजून घ्या. कामगाराचे आयुष्य घड्याळात मोजले गेले तरच ते वाचवता येते. आपणही भाव फोटोपासून सुरू करायचा नाही, घड्याळापासून सुरू करायचा.

पहिली पायरी. महिन्याला घर चालवायला किती लागते ते लिहा. भाडे, किराणा, आईचे औषध, धाकट्याची फी, सगळे. उदाहरणापुरते आम्ही बावीस हजार धरतो. तुमचा आकडा तुम्ही घाला. दुसरी पायरी, धंद्याचा खर्च. साठ हजारांचा कॉम्प्युटर तीन वर्षे चालेल असे धरले तर महिन्याला साधारण सतराशे रुपये त्याची झीज. त्यात सॉफ्टवेअर, इंटरनेट, वीज, हार्ड डिस्क आणि दुरुस्ती मिळवून साडेचार हजार धरू. तिसरी पायरी, जी आपली पोरे कायम विसरतात. आजारपण, काम नसलेले महिने, म्हातारपण. नोकरदाराला भविष्य निर्वाह निधी असतो, तुम्हाला कोण देणार? त्यासाठी साडेतीन हजार. एकूण तीस हजार.

चौथी पायरी, तास. महिन्याला पंचवीस दिवस रोज आठ तास म्हणजे दोनशे तास, असे मांडाल तर फसाल. त्यातले कितीतरी तास फोनवर बोलण्यात, काम शोधण्यात, पैसे मागण्यात आणि रिकामे जाण्यात जातात. ज्यांचे पैसे कोणीतरी देते असे तास सव्वाशे निघाले तरी पुष्कळ. तीस हजार भागिले सव्वाशे. तासाला दोनशे चाळीस. मिनिटाला चार रुपये.

हा आकडा निघाला तेव्हा अभ्यासिकेत सगळे गप्प झाले. चार रुपये! जो भाव आमच्या पोराने एका फोटोचा म्हणून घेतला, तो खरे तर एका मिनिटाचा आहे. ज्या फोटोवर पाच मिनिटे बसलास, त्याची चार मिनिटे तू फुकट दिलीस. कोणाला दिलीस? ज्याने त्या लग्नाचे सत्तर हजारांचे पॅकेज घेतले त्याला.

मग फोटोचा भाव कसा काढायचा? काम घेण्याआधी नमुना करून. एक हजार फोटो असतील तर दर पन्नासावा फोटो उचला. वीस फोटो होतील. ग्राहकाने "हे बघ, असे आहेत" म्हणून दाखवलेले तीन फोटो घेऊ नका, ते नेहमीच सोपे असतात. ते वीस फोटो मोबाईलवर वेळ लावून करा. कामाचे प्रकार पाडा आणि प्रत्येक प्रकाराला किती वेळ लागला ते लिहा. समजा, रंगाच्या कामाला चाळीस सेकंद लागले तर भाव तीन रुपये. चेहऱ्याच्या कामाला पाच मिनिटे तर वीस रुपये. दुकानाच्या मालाचा फोटो पेन टूलने कापायला तीन मिनिटे तर बारा रुपये. मोकळ्या केसांची बाई कापायची असेल आणि दहा मिनिटे लागत असतील तर चाळीस रुपये.

याच भावाने त्या लग्नाचा हिशेब करा. सहाशे फोटो तीन रुपयांनी, अठराशे. चारशे फोटो वीस रुपयांनी, आठ हजार. उतरवणे-लावणे-चढवणे सहा तास, एक हजार चारशे चाळीस. झाले अकरा हजार दोनशे चाळीस. दुरुस्तीच्या एका फेरीसाठी दहा टक्के, अकराशे चोवीस. एकूण बारा हजार तीनशे चौसष्ट. हातात आले तीन हजार चारशे. मधले आठ हजार नऊशे चौसष्ट रुपये कोणी चोरले नाहीत. ते आपणच नीट घडी घालून देऊन आलो.

"पण एवढे पैसे स्टुडिओवाला देणार नाही!" हे आम्ही लगेच ऐकले. नसेल देत. त्याच्याकडे खरोखर सहा हजारच असतील. तर मग सहा हजारांचे काम करा. नऊशे चाळीस फोटोंचा फक्त रंग, दोन हजार आठशे वीस. नवरा-नवरी आणि घरच्यांचे निवडक साठ फोटो हातकामाचे, बाराशे. मांडामांड एक हजार चारशे चाळीस. दुरुस्तीसह सहा हजार सहा रुपये. हे सरळ त्याच्यापुढे ठेवा. पैसा कमी असेल तर काम कमी होईल, भाव कमी होणार नाही. हे एक वाक्य आमच्या पोरांनी तोंडपाठ करावे. किराणा दुकानात शंभर रुपयांत पाच किलो तेल मागायला कोणी जात नाही. आपल्यालाच का मागतात? कारण आपण देतो म्हणून.

आता "बल्क" या शब्दाकडे वळू. "हजार फोटो आहेत, म्हणून भाव कमी कर." यात खरे किती आणि लबाडी किती? खरे एवढेच की काही काम एकदा केले की सगळ्यांना लागू होते. एकाच हॉलमध्ये, एकाच उजेडात काढलेल्या दोनशे फोटोंना एक रंग बसवला की बाकीचे भराभर निघतात. तिथे वेळ वाचतो, तिथे भाव उतरला पाहिजे, आणि तुमच्या नमुन्यातल्या चाळीस सेकंदांत ती बचत आलेलीच आहे. पण चेहऱ्यावरचा डाग हजाराव्या फोटोतही हातानेच काढावा लागतो. हजारावा चेहरा पहिल्यापेक्षा लवकर होत नाही. उलट सहाव्या तासाला डोळे थकतात, हात हळू चालतो. मग हातकामाला घाऊक सूट कसली? न्हावी दहा डोकी एकदम आणली म्हणून दहावे डोके अर्ध्या वेळात भादरत नाही. यंत्राने वाचवलेल्या वेळेची सूट द्या. शरीराच्या झिजेची सूट देऊ नका.

दुरुस्तीचे तर विचारूच नका. "ग्राहकाचे समाधान होईपर्यंत" असे कबूल करून पोरे मोकळी होतात. हे वाक्य ऐकले की आम्हाला महार वतन आठवते. काम काय, किती, कोणत्या वेळी, याला सीमाच नाही. मोबदला मात्र मोघम आणि तुटपुंजा. हाक आली की रात्री-बेरात्री जायचे, आणि एक जण घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच दास्याविरुद्ध. त्या समाजाच्या पोराने २४ तास व्हॉट्सअॅपवर "हो दादा, करतो दादा" म्हणत बसावे? दुरुस्तीची एक फेरी भावात धरलेली. दुसऱ्या फेरीपासून मिनिटाला चार रुपये. दुरुस्त्या लेखी, एकत्र, फोटोच्या क्रमांकासह द्यायच्या. "जरा छान कर" ही दुरुस्ती नव्हे. आणि जो फोटो नापास केला तो अल्बममध्ये वापरायचा नाही. वापरला तर पैसे द्यायचे. छाट एका बाजूने चालणार नाही.

आता आक्षेप. पहिला, "भाव बाजार ठरवतो." बाजार आकाशातून पडला आहे का? मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कोण कोणत्या खात्यात बसणार हे जात ठरवत होती आणि मग त्या खात्याचा भाव "बाजार" ठरवत होता. आज लग्नात कॅमेरा घेऊन पुढे कोण उभा असतो आणि मागे अंधाऱ्या खोलीत फोटो कोण घासतो, हे आपापल्या गावात एकदा पाहा. लाखांचा कॅमेरा घ्यायला भांडवल लागते, मोठी लग्ने मिळायला ओळखी लागतात. ज्याच्या बापाकडे दोन्ही नाही, त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर आणि मोकळ्या रात्री एवढेच उरते. बाजारात उतरताना सगळे सारखे उतरत नाहीत. म्हणूनच आपण संघटित उतरायचे असते.

दुसरा आक्षेप, "तू नाही केलेस तर दुसरा तीन रुपयांत करेल." हा आक्षेप खोटा नाही, आणि तो सगळ्यात जास्त दुखतो, कारण तो दुसरा बहुतेक वेळा आपल्याच शेजारच्या गल्लीतला असतो. त्यालाही घर आहे. त्याला शिव्या देऊन काही होणार नाही. त्याला आपण कधी हा हिशेब दाखवला का? तीन रुपयांत फोटो करणारा पोरगा दुष्ट नसतो, त्याने फक्त मोजलेले नसते. तो आपली झोप विकत असतो आणि तिची किंमत शून्य धरत असतो. दोघे एकेकटे राहिले तर चारचे तीन होतात, तीनचे दोन. दोघे भेटले तर निदान प्रश्न तरी विचारता येतो.

तिसरा, "तू शिकतो आहेस ना, अनुभव मिळेल." शिकायला आम्ही नाही म्हणत नाही. शिकण्याला मुदत असते, शिकवणारा असतो आणि शिकल्यावर बढती असते. तीन वर्षे तेच हजार चेहरे घासणे याला शिकणे म्हणत नाहीत. अनुभवाने किराणा येत नाही.

चौथा आक्षेप सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. "एआय एका क्लिकमध्ये करते, तुमची गरजच काय?" इथे आम्ही पोरांना खोटा धीर देणार नाही. साधी पार्श्वभूमी कापणे, चेहरा गुळगुळीत करणे ही कामे यंत्र करू लागले आहे आणि आणखी करेल. केवळ त्यावर आयुष्य उभे करू नका. रंगाची जाण, अल्बमची मांडणी, जुने फाटके फोटो नीट करणे, अशी डोळ्याची कामे शिकून घ्या. पण यंत्र आले म्हणून मिनिटाचा भाव का उतरावा? पाच मिनिटांचे काम दोन मिनिटांत झाले तर फोटो वीसऐवजी आठ रुपयांना द्या. ग्राहकाला बारा रुपये वाचले, छान झाले. तुमचा तास मात्र दोनशे चाळीसचाच राहिला पाहिजे. आणि त्या नव्या यंत्राचे मासिक पैसे तुम्ही भरत असाल तर ते खर्चात घाला. यंत्राने बिघडवलेली बोटे, सहावे बोट, वितळलेले मंगळसूत्र हे तपासायला लागणारी मिनिटेही मोजा. यंत्राचा फायदा सगळा त्याला आणि यंत्राचा धाक सगळा आपल्याला, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट, जी भावपत्रकात बसत नाही, पण बोलली पाहिजे. या धंद्यात सर्रास सांगितले जाते, "नवरीला जरा गोरी कर." आपली सावळी पोरगी रात्रभर बसून दुसऱ्या सावळ्या पोरीचा रंग पुसते. चारशे फोटोंत, चारशे वेळा. जन्माने आलेल्या रंगाला डाग समजून पुसणे हे जातीच्याच शाळेत शिकवले जाते. डाग, घाम, डोळ्याखालची झोप काढा, ती त्या दिवसाची असते. कातडीचा रंग त्या दिवसाचा नसतो. ज्यांना जमेल त्यांनी स्पष्ट नकार द्यावा. ज्यांची चूल त्यावर आहे, त्यांना आम्ही दोष देणार नाही. पण निदान ते काम "साध्या करेक्शन"मध्ये फुकट लपवू देऊ नका. वेगळे लिहा, वेगळे मोजा. मागणाऱ्याला आपण काय मागतो आहोत हे एकदा कागदावर वाचू द्या.

आता बाहेरच्यांना पुरेसे सुनावून झाले. जरा घरात पाहू.

१४ एप्रिल येतो. मंडळ डीजेवाल्याला आगाऊ रक्कम देते. मांडववाल्याला देते. लायटिंगवाला पैसे घेतल्याशिवाय तार जोडत नाही. आणि बॅनर करणाऱ्या, मिरवणुकीचे पाचशे फोटो नीट करून देणाऱ्या आपल्या पोराला काय सांगितले जाते? "अरे, समाजाचं काम आहे." डीजेवाला बहुतेक वेळा समाजाबाहेरचा, म्हणून त्याला पैसे. पोरगा समाजाचा, म्हणून त्याला फुकट. हा कुठला न्याय? ६ डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, प्रत्येक पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तेच. रात्री दोन वाजता फोन येतो, "माझा फोटो साहेबांच्या शेजारी घे, जरा मोठा कर." ज्या चळवळीने वेठबिगारीविरुद्ध उभे राहायला शिकवले, त्याच चळवळीच्या नावाने वेठ घेतली जाते आणि पोरगा बोलत नाही, कारण बोलला तर "गद्दार" ठरेल.

आम्ही स्वतःही यात दोषी आहोत. याच अभ्यासिकेच्या वर्धापनदिनाची पत्रके आम्ही अशीच फुकट करून घेतली होती. तो पोरगा आता आमच्याकडे येत नाही. त्याला कामे जास्त असतील अशी आम्ही समजूत करून घेतली होती.

देणे वाईट नाही. आपली सगळी चळवळ देणाऱ्यांवर उभी आहे, मुठीमुठीने धान्य आणि आण्याआण्याने वर्गणी गोळा करून. पण दान ते, जे देणारा मोजून, स्वतःच्या इच्छेने देतो. न विचारता घेतले त्याला दान म्हणत नाहीत. म्हणून आमची सूचना साधी आहे. चळवळीच्या कामाचेही पूर्ण बिल करा. फोटो इतके, मिनिटे इतकी, रक्कम इतकी. त्याखाली तुमची इच्छा असेल तर लिहा, "धम्मदान म्हणून वजा", आणि मंडळाने ती रक्कम वर्गणीदारांच्या यादीत त्याच्या नावापुढे वाचून दाखवावी. पाच हजारांची वर्गणी देणाऱ्या ठेकेदाराचे नाव माईकवर घेता ना? पाच हजारांचे काम देणाऱ्या पोराचेही घ्या. आणि ज्याची ऐपत नाही त्याला रोख द्या. डीजेचा एक तास कमी करा, पैसे निघतात.

कायद्याचा आधार किती? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत "गिग कामगार" हा शब्द आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. पण ती सामाजिक सुरक्षेची भाषा करते, फोटोचा भाव ठरवून देत नाही. तो आपणच ठरवायचा आहे. वसुलीसाठी मात्र एक हत्यार आहे, ते आपली पोरे वापरत नाहीत. उद्यम नोंदणी फुकट होते, आधार आणि पॅनवर, घरबसल्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे खरेदीदाराने करारात काहीही लिहिले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने, आणि तक्रार करायला सुविधा परिषद आहे. मात्र कागद हवा. काम मिळाले तेव्हाचा निरोप, भाव, फोटोंची संख्या, दिल्याची तारीख, बिल. "तोंडी ठरलं होतं" याला कोणी विचारत नाही. शिक्षणाचा उपयोग इथे करायचा असतो.

आणि शेवटी, हे एकट्याने होणार नाही. बाबू हरदासांनी मजुरांचा संघ बांधला, ठेकेदाराच्या हातून मजूर सुटावा म्हणून सहकारी तत्त्वावर बिडीचे काम करण्याचाही प्रयत्न केला. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, जानेवारी १९३९ मध्ये ते गेले. एवढ्या थोड्या आयुष्यात त्यांनी जे केले त्याच्या शंभराव्या हिश्शाची मागणी आम्ही करतो आहोत. रविवारी बुद्धवंदना झाली की विहारात अर्धा तास थांबा. तालुक्यातली एडिटिंग करणारी सगळी पोरे-पोरी बोलवा. प्रत्येकाने आपले वीस फोटोंचे नमुने आणि मिनिटे आणावीत. सगळ्यांचा भाव एकच असलाच पाहिजे असे नाही. कोणाचा हात जलद असेल, कोणाचे घर मोठे असेल. पण हिशेबाची रीत एकच असावी. तीन गोष्टी ठरवा. निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय काम सुरू करायचे नाही. एका फेरीपुढे दुरुस्ती फुकट नाही. आणि कोणी भावावरून एखादे काम सोडले तर ते घेण्याआधी त्याला एक फोन करायचा. "का सोडलंस?" एवढेच विचारायचे.

तो नऊ रात्री जागलेला पोरगा आता काय करतो? त्याच स्टुडिओचे दुसरे काम आले, आठशे फोटोंचे. त्याने नमुन्याला सोळा फोटो मागितले. स्टुडिओवाला हसला, मग चिडला, मग म्हणाला, "राहू दे, दुसऱ्याला देतो." पोरगा घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्या महिन्याचे भाडे त्याच कामावर होते. आम्ही त्याला शाबासकी दिली, पण शाबासकीने भाडे भरत नाही हेही आम्हाला कळत होते. मग आम्ही तो "दुसरा" शोधला. तो निघाला रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतला, आपलाच. येत्या रविवारी दोघे विहारात येणार आहेत. आपापली मिनिटे घेऊन.

तुम्हीही या. येताना घड्याळ आणा.

जय भीम!